विडीच्या पानाची पारख

विडीचा शौकीन प्रथम तंबाखूचा वास घेतो; परंतु तंबाखू निपाणीची असली तरी निम्मी परीक्षा यवतमाळच्या रानात, पानापाशीच, होऊन गेलेली असते. फाल्गुनात तेंदूची, म्हणजेच टेंभुर्णीची, झुडपे छाटतात. वैशाखात कोवळी पाने खुडतात. पान मऊ, पातळ, बारीक शिरांचे हवे. जाड शिरेवर ते वळताना फाटते. त्यातून हवा थोडीच शिरते, म्हणून झुरके भराभर घ्यावे लागतात आणि छातीत विषारी धूर अधिक जातो. शौकीन त्यालाच लज्जत म्हणतो! पुडा ७० पानांचा. मजुरी शेकडा पुड्यांवर. फळीवर मुनशी पुडा उलगडून पाहतो. पान किडके निघाले, की पहाटेपासून रानात वाकलेल्या बाईचा तो पुडा हिशेबात धरला जात नाही.