गोंदिया जिल्ह्यातील विद्यार्थी आणि पोर्तुगीज भाषेचे पदवी शिक्षण : एक विवेचन

प्रस्तावना :

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. भातगिरण्या, तेंदूपत्ता व विडी उद्योग यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यातील विद्यार्थी मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी व छत्तीसगढी अशा अनेक भाषांच्या सहवासात वाढतो. तथापि पदवी स्तरावर भाषा निवडताना त्याच्यासमोर मराठी, हिंदी, इंग्रजी हीच नेहमीची यादी असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार मुख्य विषय व गौण विषय अशी रचना राज्यात लागू झाल्यामुळे अपरिचित भाषांचा विचार करणे आता शक्य झाले आहे. अशा भाषांपैकी पोर्तुगीज ही मराठीशी सर्वांत जुना संबंध असलेली युरोपीय भाषा होय. तिचे पदवी शिक्षण म्हणजे काय, ते कोठे मिळते आणि त्यातून काय साध्य होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मराठी आणि पोर्तुगीज : संबंधाचे स्वरूप

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकले व १५३४ मध्ये वसई मिळविली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. गोव्यातील पोर्तुगीज सत्ता मात्र १९६१ पर्यंत टिकली. या दीर्घ सहवासातून पगार, चावी, पाव, तुरुंग, लिलाव, मिस्त्री, इस्त्री, बादली, घमेले, काडतूस असे अनेक शब्द मराठीत रुळले. गोंदियाच्या विडी कामगाराच्या हातातील तंबाखू आणि बांधकामावरील मजुराच्या डोक्यावरील घमेले या दोन्ही शब्दांचा उगम पोर्तुगीजमध्ये आहे. उलटपक्षी, पश्चिम महाराष्ट्रातील ‘बटाटा’ पूर्व विदर्भात ‘आलू’ म्हणून ओळखला जातो. किनाऱ्यावरून निघालेले कोणते शब्द देशाच्या अंतर्भागात पोहोचले आणि कोणते वाटेतच थांबले, हा गोंदियातील विद्यार्थ्याला स्वतःच्या गावी अभ्यासता येण्याजोगा विषय आहे. या क्षेत्रात गोव्याचे सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद (१८५५–१९२२) यांनी आशियाई भाषांवरील पोर्तुगीज शब्दसंग्रहाच्या प्रभावाचा ग्रंथ १९१३ मध्ये प्रसिद्ध करून पाया घातला.

रायगड जिल्ह्यातील कोर्लई येथे पोर्तुगीजपासून उत्पन्न झालेली एक मिश्रभाषा आजही बोलली जाते. १७४० च्या सुमारास तेथील पोर्तुगीज सत्ता संपल्यानंतरही ख्रिस्ती वस्तीने ती जपली. तिच्या वाक्यरचनेवर मराठीचा प्रभाव स्पष्ट दिसतो.

अभ्यासाची निकड : इतिहासाची साधने

मराठ्यांच्या इतिहासाची महत्त्वाची साधने पोर्तुगीज भाषेत आहेत. कॉस्मे द ग्वार्द याने लिहिलेले शिवाजी महाराजांचे चरित्र १७३० मध्ये लिस्बन येथे छापले गेले. १५९५ मध्ये स्थापन झालेल्या गोव्याच्या पुराभिलेखागारात शेजारील राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराची दफ्तरे आहेत. सत्तरी तालुक्यातील पिसुर्ले येथे जन्मलेले पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४–१९६९) यांनी हे भांडार अभ्यासकांना खुले केले. त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये प्रकाशित केला. मराठी व पोर्तुगीज या दोन्ही भाषांवर प्रभुत्व असल्यामुळेच हे कार्य त्यांना करता आले. १९६१ पूर्वी पोर्तुगीज माध्यमात शिकलेली पिढी आता मावळत चालली आहे. नवे वाचक घडले नाहीत तर ही साधने कपाटात सुरक्षित राहतील, परंतु वाचली जाणार नाहीत.

मुख्य विषय की गौण विषय?

राज्याच्या २०२३ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीस १२० ते १३२ श्रेयांक आहेत. त्यांपैकी गौण विषयास सुमारे २०, तर मुख्य विषयास त्याच्या दुपटीहून अधिक श्रेयांक मिळतात. एका श्रेयांकास १५ तासांचे अध्यापन धरल्यास गौण विषयाचे सुमारे ३०० तास होतात. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवा संस्थेच्या अनुभवानुसार इंग्रजी भाषिकास पोर्तुगीजमध्ये कामकाजापुरते प्रावीण्य मिळविण्यास ६०० ते ७५० तास लागतात. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. गौण विषय घेणारा विद्यार्थी संभाषण व सोपे वाचन यांपर्यंत पोहोचू शकतो; सतराव्या शतकातील हस्तलिखिते वाचण्यासाठी मात्र मुख्य विषय व त्यापुढील पदव्युत्तर अभ्यास आवश्यक ठरतो. म्हणून इतिहास किंवा वाणिज्य मुख्य विषय आणि पोर्तुगीज गौण विषय, ही जोडणी बहुसंख्य विद्यार्थ्यांस अधिक व्यवहार्य आहे.

शिक्षणाची केंद्रे व अडचणी

या अभ्यासाचे भारतातील प्रमुख केंद्र गोवा विद्यापीठ असून तेथे शणै गोंयबाब भाषा व साहित्य प्रशालेअंतर्गत पोर्तुगीज व लुसोफोन अभ्यासाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. पणजी येथे पोर्तुगालच्या कामोंइश संस्थेचे भाषा केंद्र आहे. दिल्ली येथील जवाहरलाल नेहरू विद्यापीठ व दिल्ली विद्यापीठ यांतही ही भाषा शिकविली जात आली आहे. गोंदियातील विद्यार्थ्यासाठी ही सर्व केंद्रे दूर आहेत. घरातील पहिलाच पदवीधर होऊ पाहणाऱ्यास वसतिगृह व प्रवासाचा खर्च हा भाषेच्या व्याकरणापेक्षा मोठा अडसर ठरतो. यावर मान्यताप्राप्त ऑनलाइन अभ्यासक्रम व श्रेयांक पेढी हा अंशतः उपाय होऊ शकतो. मात्र असे श्रेयांक स्वतःच्या विद्यापीठात ग्राह्य आहेत काय, याची प्रवेशापूर्वी लेखी खात्री करून घेणे हितावह होय.

व्याकरणाच्या दृष्टीने मराठी भाषिकास काही सोयी आहेत. नामाचे लिंग व त्यानुसार बदलणारे विशेषण त्याला परिचित असते. हिंदीच्या सहवासामुळे अनुनासिक स्वरही गोंदियातील विद्यार्थ्यास अवघड वाटत नाहीत. ‘असणे’ या एका क्रियापदासाठी ‘सेर’ व ‘इश्तार’ अशी दोन क्रियापदे वापरणे मात्र सरावानेच साधते.

उपयोजन

पोर्तुगीज ही पोर्तुगाल, ब्राझील, अंगोला, मोझांबिक, पूर्व तिमोर आदी देशांची राजभाषा असून तिच्या भाषिकांची संख्या २५ कोटींच्या आसपास आहे. व्यापार, पर्यटन व भाषांतर या क्षेत्रांत तिला मागणी आहे. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा कौटुंबिक भाग आजही लागू असून जमिनींचे जुने दस्तऐवज पोर्तुगीजमध्ये असल्याने न्यायालयीन भाषांतरकारांची गरज भासते. लिस्बन विद्यापीठाच्या प्रावीण्य परीक्षा व ब्राझीलची ‘सेल्पे-ब्रास’ परीक्षा यांची प्रमाणपत्रे पदवीस पूरक ठरतात.

समारोप :

पोर्तुगीज हा सर्वांसाठी विषय नव्हे, आणि त्यातून लगेच नोकरी मिळेल असेही म्हणता येत नाही. परंतु अनेक भाषा कानावर घेत वाढलेल्या गोंदियाच्या विद्यार्थ्याकडे या अभ्यासाची मूळ पूंजी आहे. इतिहास व मराठी विभागांनी एकत्र येऊन प्राथमिक पोर्तुगीजचा एक खुला ऐच्छिक अभ्यासक्रम सुरू केला, तर त्यातील एखादा विद्यार्थी पुढे गोव्याच्या दफ्तरांपर्यंत पोहोचू शकेल. मराठ्यांच्या इतिहासासाठी असा एक वाचकही मोलाचा ठरेल.