बाण लागलेला पक्षी जातो कुठे?

अमेरिकेतले नातेवाईक वसंतात रानटर्कीच्या शिकारीचे फोटो पाठवतात. शेजारच्या काकांनी धनुष्यबाणाने मारलेली टर्की बघून इथली मुलं विचारतात, "बाबा, आपल्याकडे चालतं का हे?" नाही चालत. रानटर्की ब्रिटनमध्ये नाहीच; शिवाय १९८१च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टनुसार धनुष्य किंवा क्रॉसबोने रानपक्षी वा वन्यप्राणी मारणं गुन्हा आहे. हरणांसाठीच्या १९९१च्या कायद्यातही बाण आणि भाला निषिद्ध आहेत.

बाणाचं काम रक्तस्रावाने होतं. टर्की दिसते मोठी, पण त्यात बरीचशी पिसंच. काळीज आणि फुप्फुसं जेमतेम मुठीएवढ्या जागेत. नर पिसारा फुलवून उभा असला की खरं अंग कुठे सुरू होतं तेच कळत नाही. नेम दोन इंच चुकला की पक्षी बाणासकट पळतो किंवा उडतो. रक्त पिसांतच मुरतं, जमिनीवर माग राहत नाही. मग तो कुठल्यातरी झुडपात दडतो आणि तासांनी, कधी दिवसांनी मरतो. म्हणून तिथले जाणते शिकारी बाण सुटल्यावर पक्षी शेवटचा कुठे दिसला ती जागा पक्की लक्षात ठेवतात. तो नजरेआड गेला तर लगेच मागे धावत नाहीत, कारण हुसकावलेला पक्षी आणखी लांब जातो. दुसरा दंडक असा, की नुसत्या आवाजावर बाण सोडायचा नाही. दशरथ-श्रावणाची गोष्ट ऐकलेल्यांना याचं कारण सांगायला नको.

आता कोणी म्हणेल, बाण नाही म्हणजे इथे सगळं आलबेल. तसं मुळीच नाही. १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी हा इथला फेझंटचा हंगाम. हाकारे पक्षी उठवतात, शॉटगनमधून छर्रे सुटतात आणि काही पक्षी पंख मोडून खाली पडतात, मग पळत सुटतात. त्यांना शोधायला बंदुकांच्या रांगेमागे कुत्री घेऊन माणसं उभी असतात. आपल्या सोफ्यावर लोळणाऱ्या लॅब्रेडॉरचं मूळ काम हेच, वास काढत पक्षी शोधायचा आणि न चावता आणून द्यायचा. जखमी पक्षी आधी शोधून त्याला झटपट वेदनामुक्त करावं, असं शिकाऱ्यांची आचारसंहिता सांगते. आमच्या आयटीच्या भाषेत, ते तिकीट उघडं ठेवून घरी जायचं नाही. तरी काही सुटतातच. माझ्या मते, ज्याच्याकडे शोधायला कुत्रा नाही त्याने बंदूकही उचलू नये.

हिवाळ्यात फूटपाथवरून, म्हणजे इथल्या शेतांतल्या पायवाटांवरून फिरताना असा पक्षी तुम्हालाही दिसू शकतो. आपल्या हातून जखमी न झालेला रानपक्षी बरा करून सोडण्यासाठी उचलायला कायद्याची परवानगी आहे. पण आधी आरएसपीसीएला फोन करा, स्कॉटलंडमध्ये एसएसपीसीएला. मुलांना लांब ठेवा, नराच्या पायाला टोकदार नखर असतो. बळेच पाणी पाजू नका. मेलेल्या पक्ष्याला मात्र हात लावू नका, बर्ड फ्लूचा धोका असतो.