घोडं अडलंय निळ्यावर!

शोरूममधला मुलगा सुसाट सुटला होता. ‘मॅडम, क्वांटम डॉट आहे हा! यात प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो. मागे लाइटबिट काही नाही.’ भिंतीवरच्या ५५ इंची पडद्यावर लालभडक पोपट उडत होते, मध ओघळत होता, कुठल्याशा देशातली फुलं उमलत होती. मी मनातल्या मनात ईएमआयचा हिशेब करत होते. आणि आमचे बाबा? ते पडद्यासमोर उभे राहून एकदा डावा डोळा झाकत होते, एकदा उजवा.

‘काका, डोळ्यात काही गेलं का?’ मुलाने काळजीने विचारलं.

‘नाही रे. दोन टीव्ही बघतोय,’ बाबा म्हणाले. ‘या डोळ्याने पिवळट दिसतोय, या डोळ्याने निळसर. यातला खरा कोणता, ते तू सांग.’

मुलगा गप्प. मी गप्प. पोपट उडतच होते.

आता थोडा फ्लॅशबॅक. बाबा डोंबिवली एमआयडीसीतल्या एका प्रोसेस हाउसमध्ये डाइंग मास्तर होते. कापडाला हवी ती शेड आणून देणं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. गिऱ्हाइकाने बोटभर चिंधी आणून द्यायची आणि बाबांनी हजारो मीटर कापड त्या चिंधीबरहुकूम रंगवून द्यायचं. आमच्याकडे ‘निळा’ असं कोणी म्हणायचं नाही. निळा म्हणजे कोणता? नेव्ही, रॉयल, फिरोजी की मोरपिशी? लहानपणी मी ‘गुलाबी फ्रॉक’ म्हटलं, तरी उलटतपासणी व्हायची.

तर अशा माणसाने गेल्या वर्षी आमच्या चुलतभावाच्या लग्नात एका पायात काळा आणि एका पायात नेव्ही ब्लू मोजा घातला. मांडवात कोणीतरी हसत दाखवून दिलं. बाबाही हसले. पण घरी आल्यावर खिडकीपाशी मोजे हातात धरून बराच वेळ बसले होते. मला ते हसणं नाही, ते बसणं लक्षात राहिलं.

निदान झालं मोतीबिंदूचं. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा प्रकाश अडवायला लागतं. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवतात. बाबांचा उजवा डोळा झाला होता, डावा व्हायचा होता. त्यामुळे सध्या एका डोळ्याला चुना पांढराशुभ्र दिसत होता आणि दुसऱ्याला ताकाच्या रंगाचा. माझा बोनस झाला होता. म्हटलं, नव्या डोळ्यांना नवा टीव्ही! जगातले सगळ्यात खरे रंग म्हणे क्वांटम डॉटचे.

पण बाबांनी निघताना एकच प्रश्न टाकला. ‘तो म्हणतो ठिपका पेटतो. पेटतो म्हणजे नक्की काय होतं गं?’

इंजिनीअर मुलीला उत्तर देता आलं नाही. झाली का पंचाईत!

घंटा तीच, नाद वेगळा

मग काय, तो वीकेंड अभ्यासात गेला. जे कळलं ते मी रविवारी जेवताना बाबांना सांगायला घेतलं.

क्वांटम डॉट म्हणजे सेमिकंडक्टरचा अतिसूक्ष्म कण. किती सूक्ष्म? साधारण २ ते ६ नॅनोमीटर. आपला केस साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज घ्या. आणि गंमत अशी की, या कणाचा रंग त्याच्या आकारावर ठरतो. कॅडमियम सेलेनाइडचा ६ नॅनोमीटरच्या आसपासचा कण लाल प्रकाश देतो. तोच पदार्थ २ नॅनोमीटरच्या आसपास आणला की निळा!

बाबांचा घास हातातच राहिला. ‘पदार्थ तोच? त्यात काही मिसळत नाहीत?’

‘काही नाही.’

‘शक्य नाही. रंग बदलायचा तर डाय बदलावा लागतो.’

मग मी देवघराकडे बोट दाखवलं. आपल्या देवघरातली छोटी घंटा किणकिणते आणि देवळातली मोठी घंटा घुमते. पितळ तेच, आकार वेगळा म्हणून नाद वेगळा. कणाचंही तसंच. इतक्या चिंचोळ्या जागेत इलेक्ट्रॉन कोंडला की त्याची ऊर्जा वाढते. जागा जितकी लहान तितकी ऊर्जा जास्त, आणि जास्त ऊर्जेचा प्रकाश म्हणजे निळ्याकडचा प्रकाश. डोंबिवली फास्टमध्ये माणसं जितकी दाबून भरावीत तितकी ती तापतात, तसंच काहीसं!

हे सगळ्यात आधी दिसलं ते काचेत. लेनिनग्राडमध्ये अलेक्सी एकिमॉव्ह रंगीत काचेवर काम करत होते. काचेत कॉपर क्लोराइडचे कण तयार होत होते आणि त्यांच्या आकाराप्रमाणे काच वेगळा प्रकाश शोषत होती. हे त्यांनी १९८१ मध्ये मांडलं. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये लुई ब्रूस यांना १९८३ मध्ये हाच परिणाम द्रावणात तरंगणाऱ्या कणांत दिसला. दोघं एकमेकांच्या कामापासून पूर्ण अनभिज्ञ! पण सगळे कण एकाच मापाचे बनवायचे कसे, हा खरा प्रश्न होता. तो १९९३ मध्ये एमआयटीत माउंगी बावेंडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडवला. तापलेल्या द्रावणात रसायनं झटकन सोडायची, कणांची बीजं एकदम तयार होतात आणि मग तापमान सांभाळून ती हव्या त्या मापाची वाढवायची.

‘म्हणजे लॉट टू लॉट शेड जुळवली म्हणायची,’ बाबा म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढी दाद म्हणजे नोबेलच! खरं नोबेल या तिघांना २०२३ मध्ये मिळालं, रसायनशास्त्राचं. आणि मंडळी, अप्रेझलमध्ये मार खाल्लेल्यांनी हे जरूर वाचा : या बावेंडींना हार्वर्डमध्ये केमिस्ट्रीच्या पहिल्याच परीक्षेत १०० पैकी २० मार्क होते.

दुकानातला ठिपका पेटतच नाही!

आता येऊ मुद्द्यावर. दुकानात ‘क्यूएलईडी’ नावाने जे टीव्ही विकले जातात, त्यात ठिपके पेटतात का?

नाही. ते एलसीडी टीव्हीच आहेत. मागे दिवे आहेत, आणि तेही निळे एलईडी. नेहमीच्या एलईडी टीव्हीत निळ्या दिव्यावर पिवळं फॉस्फर लावून पांढरा प्रकाश करतात. त्यात लाल आणि हिरवा तसे अशक्तच असतात. क्वांटम डॉटच्या टीव्हीत फॉस्फरऐवजी ठिपक्यांची पातळ फिल्म असते. निळा प्रकाश फिल्मवर पडतो, मोठे ठिपके त्यातला काही शोषून नेमका लाल देतात, छोटे ठिपके नेमका हिरवा. उरलेला निळा तसाच पुढे जातो. म्हणून रंग खरोखरच जास्त शुद्ध आणि भरपूर मिळतात. ती थाप नाही. पण ठिपका स्वतः पेटत नाही, दुसऱ्याच्या प्रकाशाचा रंग बदलून देतो. आणि निळ्यासाठी तर त्यात ठिपकाच नाही!

सोनीने २०१३ मध्ये पहिल्यांदा असे ठिपके टीव्हीत आणले. २०१७ मध्ये सॅमसंगने ‘क्यूएलईडी’ हे नाव घेतलं आणि मग ते बाजारभर झालं. गंमत म्हणजे प्रयोगशाळांमध्ये हेच नाव आधीपासून एका वेगळ्याच वस्तूला होतं. ती वस्तू म्हणजे खरोखर स्वतः पेटणारा ठिपका.

२०२२ पासून क्यूडी-ओएलईडी नावाचे टीव्हीही आले. त्यात मागे बॅकलाइट नसतो, पिक्सेल स्वतः उजळतात. पण तिथेही प्रकाश देतं ते निळं ओएलईडी. ठिपके त्याचा लाल आणि हिरवा करून देतात.

‘म्हणजे सगळीकडे उसना उजेड,’ बाबांनी निकाल दिला.

खरा दिवा कुठे अडला?

खऱ्या क्वांटम डॉट एलईडीची रचना सँडविचसारखी आहे. मध्ये ठिपक्यांचा थर. एका बाजूने इलेक्ट्रॉन येतात, दुसऱ्या बाजूने होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा. दोघांची भेट ठिपक्यात झाली की प्रकाश! बॅकलाइट नाही, फिल्म नाही. असा पहिला दिवा १९९४ मध्ये बर्कलीत कॉल्विन, श्लॅम्प आणि अलिव्हिसॅटोस यांनी पेटवला. तो फारच मिणमिणता होता. २००२ मध्ये एमआयटीत ठिपक्यांचा एकाच कणाच्या जाडीचा थर घालून त्यात मोठी सुधारणा झाली. २०१४ मध्ये चीनच्या झेजियांग विद्यापीठातल्या संशोधकांनी लाल दिव्याची कार्यक्षमता २० टक्क्यांच्या वर नेली.

मग घोडं अडलं कुठे? एक म्हणजे कॅडमियम. ते विषारी आहे. युरोपात इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कुठल्याही घटकात ते वजनाच्या ०.०१ टक्क्याच्या वर चालत नाही. त्यामुळे इंडियम फॉस्फाइडसारखे पर्याय शोधावे लागले.

आणि दुसरं म्हणजे निळा! निळा ठिपका सगळ्यात लहान. त्याला ऊर्जा जास्त लागते, त्यात होल शिरायला कुरकुरतात. इलेक्ट्रॉन मात्र धावत येऊन गर्दी करतात. जोड्या जुळत नाहीत, ऊर्जा उष्णतेत वाया जाते, थर खराब होतात. सॅमसंगच्या संशोधकांनी २०१९ मध्ये कॅडमियमविरहित लाल दिवा जाहीर केला, तेव्हा मंद प्रकाशात त्याचं हिशेबाने काढलेलं आयुष्य होतं १० लाख तास. त्यांनीच २०२० मध्ये कॅडमियमविरहित निळा दिवा जाहीर केला. तेवढ्याच मंद प्रकाशात त्याचं तेज निम्म्यावर यायला किती वेळ? १५,८५० तास. टीव्हीला याहून कितीतरी पट प्रखर प्रकाश लागतो, आणि प्रखरता वाढली की आयुष्य झपाट्याने घटतं. तीन रंगांपैकी एकानेच लवकर राजीनामा दिला, तर पडदा पिवळा पडणार. अगदी बाबांच्या डाव्या डोळ्यासारखा!

निळ्याने आधीही असंच छळलं होतं. लाल आणि हिरवे एलईडी कित्येक वर्षं होते, पण चांगला निळा मिळेना. तो मिळवणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

खरेदीला जाताय? मग हे करा

१. ‘मागे बॅकलाइट आहे की पिक्सेल स्वतः उजळतो?’ असं स्पष्ट विचारा. बॅकलाइट असेल तर तो कडेला आहे की पूर्ण पडद्यामागे, आणि त्याचे भाग वेगवेगळे मंद होतात का, हेही विचारा. काळा किती काळा दिसणार, ते यावर ठरतं.

२. शोरूममध्ये टीव्ही बहुधा भडक मोडवर असतो. सिनेमा मोड लावायला सांगा आणि पोपट सोडून माणसांचे चेहरे बघा.

३. ही टिप खास बाबांची. ट्यूबलाइटखाली जुळलेली शेड उन्हात गेली की बेइमान होते. म्हणून तुमच्या हॉलमध्ये ऊन किती येतं, ते आधी आठवा. भरपूर उजेडाच्या खोलीत जास्त प्रखर पडदा हवा.

आणि मग...

टीव्ही महिनाभर लांबला. ‘दोन्ही डोळे एका मताचे होऊ देत, मग बघू,’ बाबांचा हुकूम होता. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काही दिवसांनी मी ऑफिसमधून आले, तर बाबा कपाटासमोर जमिनीवर बसले होते. मोज्यांचा ढीग काढला होता. काळे एकीकडे, नेव्ही एकीकडे. मी काही बोलले नाही. त्यांनीही वर बघितलं नाही. पण कोणतं तरी गाणं गुणगुणत होते.

मग आम्ही त्याच शोरूममध्ये गेलो. त्याच मुलाला बाबांनी खिशातून शेड कार्ड काढून दाखवलं, मोड बदलायला लावला, बॅकलाइटचं विचारलं. बिचाऱ्याने खरं सांगून टाकलं. आणि आम्ही तोच, फिल्मवाला क्वांटम डॉट टीव्ही घेतला. आमच्या हॉलमध्ये दुपारभर ऊन असतं, आणि त्याहून महाग टीव्ही माझ्या बोनसला झेपणारा नव्हता. फक्त आता कशाचे पैसे देतोय ते माहीत होतं.

पहिल्याच मॅचला बाबांनी रिमोट घेतला आणि रंग दोन पॉइंट कमी केला. ‘एवढं हिरवं गवत कुठे असतं?’ मग भारताच्या जर्सीकडे बघत म्हणाले, ‘ते खरे पेटणारे ठिपके कधी येणार म्हणालीस?’

‘निळा जमला की.’

‘मग धीर धरा म्हणावं. आमच्याकडेही फिरोजीच रडवायचा. पण जमायचा शेवटी.’