दिल्लीचा साचा, आपला बाणा

दिल्लीने काही ‘एकसारखं’ करायचं म्हटलं की महाराष्ट्रात आधी भुवया चढतात. १८ फेब्रुवारी २०२५ला केंद्राने सरकारी संकेतस्थळांसाठी ‘डिजिटल ब्रँड आयडेंटिटी मॅन्युअल’ आणलं, तेव्हा पुण्याहून मित्राने फोनवर विचारलं, “आता रंगही तुम्हीच ठरवणार का?” दिल्लीत चार दिवस राहिलं की आपला माणूस ‘तुम्ही’ होतो!

ठरवलेत खरे. रंगांचे गट, अक्षरांसाठी नोटो सान्स, चिन्हांची धाटणी. पण ही शिस्त केंद्राने आधी स्वतःच्या मंत्रालयांना लावली आहे. आणि एकसारखेपणाचं सुख मला इथल्या मेट्रोने शिकवलं. नोएडा उत्तर प्रदेशात, गुरुग्राम हरियाणात. तरी दिल्ली मेट्रोची पाटी कुठेही नव्याने वाचावी लागत नाही. मुंबईत पहिली मेट्रो २०१४ला धावली, पुढे वेगवेगळ्या मार्गांच्या यंत्रणा वेगळ्या झाल्या आणि सगळ्यांचं मिळून एक तिकीट-ॲप यायला ऑक्टोबर २०२५ उजाडला.

करोल बागेत खानापूर-आटपाडीकडचे, सोनं-चांदी गाळणारे गलाईवाले आहेत. त्यांतले एक काका मोबाईल घेऊन आले. “आयकराचं मी करतो हो, गावाकडचं तेवढं जमंना.” एका कार्यालयाच्या संकेतस्थळावर पहिल्या पानाला ‘पुढे’, दुसऱ्याला ‘जतन करा’, तिसऱ्याला ‘सबमिट’, आणि तेही डावीकडे. काकांनी ‘रद्द करा’ दाबलं, कारण मागच्या पानावर त्या जागी ‘पुढे’ होतं. पुन्हा श्रीगणेशा.

गंमत म्हणजे त्यांच्याच सांगली जिल्ह्याचं संकेतस्थळ केंद्राच्या एनआयसी या संस्थेच्या ‘एसथ्रीवास’ या सामाईक साच्यावर उभं आहे, देशातल्या कितीतरी जिल्ह्यांसारखं. अशा साच्यात बटण एकदा नीट घडवलं, अंध माणसाच्या स्क्रीन रीडरला वाचता येईलसं केलं, की ते सगळीकडे नीट चालतं, दुरुस्तीही एकदाच. आपल्या राज्याने २०२५च्या शंभर दिवसांच्या कार्यक्रमात संकेतस्थळ हा मुद्दा घेतला, हे उत्तमच. पण त्याचे गुण दिले कार्यालयागणिक! मग प्रत्येकाने आपापली रांगोळी काढली तर दोष कुणाला द्यायचा?

दिल्लीचं कौतुकही पुरे. इथल्या एका संकेतस्थळावर मी ‘मराठी’ निवडलं, तर मेनू मराठी झाला आणि आतला मजकूर जसाच्या तसा इंग्रजीत राहिला. मित्राला भांडायचंच असेल तर त्याने यासाठी भांडावं. रंगाचं काय घेऊन बसलाय?