पटावरची चाल पडद्यावर कशी येते?

२८ जुलै २०२५ला नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीत महिला विश्वचषक जिंकला. तिची प्रत्येक चाल पळस्प्याच्या होस्टेलमध्येही दिसू शकत होती. ती तिथून इथे येते कशी?

पटाच्या घरांखाली सेन्सर असतात. मोहरा हलला की वायरमधून कॉम्प्युटरला कळतं. पण पटाला अक्कल नसते! डाव संपल्यावर दोघे तिथेच 'असं खेळलो असतो तर' करू लागले, की तो त्याही चाली धरतो. म्हणून शेजारी माणूस लागतो. खेळाडूंच्या स्कोअरशीटशी चाली ताडून तो चुका दुरुस्त करतो. निकाल कळवायची खूण सोपी: पांढरा जिंकला तर दोन्ही राजे मधल्या दोन पांढऱ्या घरांत, काळा जिंकला तर काळ्या घरांत. बरोबरी झाली तर एक पांढऱ्यात, एक काळ्यात.

फसवाफसवी टाळायला मोठ्या स्पर्धांत चाली मुद्दाम काही मिनिटं उशिरा दाखवतात.

छोट्या स्पर्धांत असे पट परवडत नाहीत. तिथे स्कोअरशीटच्या कार्बन कॉपीवरून चाली हाताने टाइप कराव्या लागतात. काम कंटाळवाणं खरं, पण ते कुणी केलं नाही तर एखाद्या गावातल्या पोराचा झकास डाव रद्दीत जातो.

२०२५चा विश्वचषक गोव्यात झाला, म्हणजे आपल्या फाट्यावरून निघणाऱ्या हायवेवरच. पुढची स्पर्धा जवळपास असली तर विचारून बघा. बुद्धिबळ बेताचं येत असलं तरी चालेल, लक्ष मात्र पक्कं हवं!