चाप ओढला, नुसतं ‘टिक’ झालं, बार उडाला नाही? बंदूक लगेच उघडू नका

भात लोंब्यांवर आलं की कोकणातल्या गावांत रात्रीची राखण सुरू होते. मांगरावर बॅटरी, चहाचा थर्मास, पत्र्याचा डबा बडवायला काठी, आणि ज्यांच्याकडे शेतीसंरक्षणाचा परवाना आहे त्यांच्याकडे बंदूक. मध्यरात्री कोपऱ्यात खसखस होते, रानडुकरांना हुसकवायला बार काढायचा म्हणून चाप ओढला जातो, आणि नुसतं ‘टिक’. बार नाही, धूर नाही, काही नाही. डुकरं मात्र आरामात लोंब्या खातायत.

अशा वेळी बहुतेक जण एकच करतात. बंदूक झटकन उघडतात, काडतूस बाहेर ओढतात आणि बॅटरीच्या उजेडात डोळ्यासमोर धरून बघतात. हीच चूक जिवावर बेतू शकते. कारण न उडालेला बार कधीकधी उशिरा उडतो. काडतुसाच्या बुडाची टोपी फुटलेली असते, पण दारू ओलसर असल्यामुळे पेट घ्यायला वेळ लागतो. कधी अर्धा सेकंद, कधी त्याहून जास्त. तेवढ्यात बंदूक उघडी असेल तर काडतूस नळीत नाही, तुमच्या तोंडासमोर फुटतं.

आमच्या आजोबांकडे दुनळी होती. लहानपणी एकदा त्यांच्यासोबत राखणीला गेलो होतो. काकाने चाप ओढला आणि ओरडला, ‘बारच उडूक नाय रे!’ त्याचा हात उघडायच्या खटक्यावर गेला, तर आजोबांनी मनगट धरलं. ‘थांब रे झिला, उघडू नको.’ आम्ही अंधारात तसेच उभे, नळी शेताच्या बांधाकडे रोखलेली, आणि आजोबा मोठ्याने आकडे मोजतायत. त्या दिवशी बार उडालाच नाही. पण मोजायची सवय काकाला लागली ती लागलीच.

तुम्हीही तेच करा. नळी सुरक्षित दिशेला, म्हणजे जिथे माणूस, गुरं, घर किंवा खडक नाही तिकडे, जमिनीच्या उताराकडे रोखून ठेवा. चापावरचं बोट काढा. मनात साठपर्यंत मोजा. ठासणीची बंदूक असेल तर दोन मिनिटं थांबा, कारण काळी दारू आत धुमसत राहू शकते. मग तोंड बाजूला ठेवून, नळीच्या मागे चेहरा न आणता, सावकाश उघडा. दुनळी असेल तर दुसऱ्या नळीत काडतूस भरलेलंच आहे हे घाईत विसरायला होतं, ते आधी आठवा.

आता दुसरा धोका, आणि हा जास्त फसवा. कधी ‘टिक’ होत नाही, तर नेहमीचा ‘धडाम’ न येता ‘फुस्स’ असा फुसका आवाज येतो, धक्काही कमी बसतो. याचा अर्थ बार अर्धवट पेटला. छर्रे किंवा त्यांच्या मागची डाट नळीतच अडकलेली असू शकते. अशा नळीतून दुसरा बार काढला तर नळी फुटते, आणि ती फुटते ती जिथे तुमचा डावा हात असतो साधारण तिथेच. फुसका बार आला की त्या रात्रीचं काम संपलं. सकाळी उजेडात, बंदूक पूर्ण रिकामी करून, मागच्या बाजूने नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघा. दिसत नसेल तर काठीने ठोकत बसू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या.

दोष बंदुकीत की काडतुसात?

हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. थांबून काढलेल्या काडतुसाचं बूड बघा. मध्ये पितळी टोपी असते, तिच्यावर पिनेचा खड्डा पडतो. खड्डा नेहमीसारखा खोल आणि मधोमध असेल तर बंदुकीने आपलं काम केलंय, काडतूस खराब आहे. खड्डा उथळ, नुसता टिचका असेल तर पिन जोराने आपटत नाही. खड्डाच नसेल तर पिन तुटलीय किंवा आत अडकलीय. आणि खड्डा एका बाजूला सरकलेला असेल तर जोड ढिला झालाय. रिकामी बंदूक बंद करून नळी हलवून बघा, खुळखुळते का. अशा बंदुकीतून पुढे बार काढूच नये.

बहुतेक वेळा दोष काडतुसाचाच निघतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात काडतुसं चार महिने कपाटात पडतात, डबा उघडा, खाली ओल. प्लॅस्टिकच्या काडतुसातही टोपीच्या कडेने आणि पुढच्या दुमडीतून दमट हवा शिरते. खिशात घामाने भिजलेलं काडतूस परत डब्यात ठेवलं की तेही त्याच वाटेने जातं. झाकण घट्ट बसणारा डबा वापरा, विकत घेतल्याचा महिना-वर्ष वर लिहा, जुनी आधी संपवा. भिजलेली काडतुसं वाळवायला चुलीवरच्या फळीवर ठेवणारी मंडळी अजून आहेत. कृपा करून हे करू नका.

उथळ खड्ड्याचं सगळ्यात मोठं कारण तेल. घरात दुसरं नसतं म्हणून बंदुकीला खोबरेल चोळतात. खोबरेल साधारण 24 अंशांखाली थिजतं. डिसेंबरच्या पहाटे मांगरावर तुमच्या केसांतलं तेल थिजतं तसंच पिनेभोवतीचंही थिजतं, आणि पिन लोण्यातून चालावी तशी चालते. ग्रीसचंही तेच. शिलाई मशीनचं पातळ तेल एक-दोन थेंब पुरे, वरून कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं. जास्त तेल ओघळून टोपीवर गेलं तर ते काडतूसही बिघडवतं. निवडणुकीत बंदूक जमा करावी लागली असेल तर परत आणल्यावर भरण्याआधी नळी, पिनेचं भोक आणि खटका साफ करा. महिनोन्महिने खोलीत उभ्या राहिलेल्या बंदुकीत तेल चिकट होतं आणि नळीत मातीचं घर बांधणारे किडे घर करतात.

ठासणीच्या बंदुकीचं वेगळं. काळ्या दारूची राख ओल ओढते, त्यामुळे बार काढून तशीच ठेवलेली बंदूक दोन दिवसांत गंजते. टोपी बसते त्या छोट्या नळीचं भोक राखेने बुजलं की टोपी फुटते पण आत ठिणगी पोहोचत नाही. वापरल्यावर नळी गरम पाण्याने धुवायची, पूर्ण सुकवायची, मगच तेल.

एक गोष्ट ज्यांच्या घरात दोन मापांच्या बंदुका आहेत त्यांच्यासाठी. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या नळीत टाकलं तर ते सरकून पुढे जाऊन अडकतं. चाप ओढला की ‘टिक’. उघडून बघितलं तर मागची जागा रिकामी. माणसाला वाटतं भरायचं राहिलं, म्हणून तो बारा बोअरचं काडतूस मागे भरतो. पुढे काय होतं ते सांगायला नको. दोन्ही काडतुसं एका डब्यात ठेवूच नका.

पिन, स्प्रिंग, ढिला जोड हे घरी किंवा गावातल्या लोहाराकडे करायचं काम नाही. शस्त्र कायदा 1959 प्रमाणे बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो. परवाना नसलेल्याकडे दिलीत तर तोही अडकतो, तुम्हीही. परवानाधारक दुकानात नेताना आपल्या परवान्याचं पुस्तक सोबत ठेवा आणि पावती घ्या.

आणि परवाना पीक राखायचा आहे, शिकारीचा नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकारीला बंदी आहे. रानडुकराने कितीही नासधूस केली तरी वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय त्याला मारलं तर गुन्हा तुमच्यावरच दाखल होतो.

न उडालेलं काडतूस परत भरून ‘बघूया आता उडतं का’ असं करू नका, विहिरीत किंवा उकिरड्यावरही टाकू नका, पोरांच्या हाती लागतं. वेगळ्या डब्यात ठेवून ज्या दुकानातून घेतलं तिथे विचारा किंवा पोलीस ठाण्यात जमा करा. किती घेतली, किती वापरली, किती खराब निघाली हे एका वहीत लिहून ठेवलंत तर नूतनीकरणाच्या वेळी हिशेब विचारला तरी अडचण येत नाही.