चाळीस हजारांची शांतता

घरात नवी वस्तू यावी की येऊ नये, हा वाद आमच्या लहानपणी रेडिओवरून होई. पुढे तो फ्रिजवरून झाला, त्यानंतर दूरचित्रवाणीवरून झाला. यंदा तो कानांवर येऊन बसला. एके रात्री पान मांडले असताना आमच्या चिरंजीवांनी जाहीर केले की, त्यांचे हेडफोन आता जुने झाले असून, बाजारात नुकतेच आलेले नवे बिनतारी, बाहेरचा गोंगाट मारणारे हेडफोन घेण्याचा त्यांचा मानस आहे. किंमत विचारता उत्तर मिळाले, "चाळीस हजारांच्या आसपास." सौभाग्यवतींच्या हातातला वरणाचा डाव जागच्या जागी थांबला. चिरंजीव मिळवते आहेत, पैसा त्यांचा आहे. तेव्हा नकार देण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. तथापि, चौकशी करण्याचा होता, आणि तो आम्ही बजावला. तिच्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण हा प्रश्न आज ना उद्या घरोघरी उभा राहणार आहे.

प्रथम मागणीमागचे कारण. आमचे बिऱ्हाड भोपाळच्या जवाहर चौकात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य स्थापन झाले, भोपाळ राजधानी ठरले, आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरच्या कचेऱ्यांतून बदलून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे या शहरात स्थिरावली. आमचे वडील त्याच लाटेत ग्वाल्हेरहून आले व तात्या टोपे नगरात राहू लागले. त्या काळी दिवेलागणीनंतर चौकात सायकलची घंटी वाजली तर ती कोणाची हे घरबसल्या ओळखता येई, असे आई सांगते. आज जुन्या सरकारी निवासांच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत आणि नियोजित मेट्रोच्या निळ्या मार्गिकेतही या चौकाचे नाव आहे. शासनाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. आमच्या गॅलरीत उभे राहिल्यास हे नियम कोणत्या गावासाठी केले असावेत असा प्रश्न पडतो. अशा ठिकाणी बसून चिरंजीव पुण्याच्या एका कंपनीचे काम करतात, दिवसाचे सहा-सहा तास बैठकांत बोलतात. तेव्हा त्यांची गरज ही केवळ हौस नव्हे, हे आम्ही आरंभीच मान्य केले.

आता हे यंत्र करते काय? ध्वनी म्हणजे हवेतील लाटा. हेडफोनवरचे सूक्ष्म माइक बाहेरची लाट टिपतात, आतले यंत्र तिच्या नेमकी उलट लाट तयार करते, आणि उंचवट्यावर खोलगट भाग येऊन दोन्ही परस्परांस पुसून टाकतात. ही कल्पना आजची नव्हे. पॉल लुएग नावाच्या जर्मन गृहस्थांना तिचे अमेरिकन पेटंट १९३६ सालीच मिळाले होते. ती कानांपर्यंत आणण्याचे मोठे श्रेय अमर बोस यांचे. क्रांतिकारी चळवळीत पडून अमेरिकेस गेलेल्या एका बंगाली गृहस्थांचे हे चिरंजीव, पुढे एम.आय.टी.त प्राध्यापक झाले. १९७८ साली झुरिचहून परतताना विमानातल्या हेडफोनवर इंजिनाच्या घरघरीपुढे संगीत ऐकू येईना, तेव्हा त्यांनी प्रवासातच गणिते मांडायला सुरुवात केली. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा संच १९८९ साली बाजारात आला आणि सामान्य प्रवाशांसाठीचा २००० साली.

विमानातून जन्मलेल्या या वस्तूचा स्वभावही विमानाचाच आहे. एकसुरी, खोल, सतत चालणारा आवाज ती उत्तम मारते. अचानक उठणारा, उंच पट्टीचा आवाज तिच्या हातून निसटतो, कारण तो पुरता ओळखून उलट लाट पाठवण्यास वेळच उरत नाही. उंच आवाज अडवण्याचे काम मुख्यत्वे कानाभोवतीच्या गाद्या करतात. हे आम्ही चिरंजीवांचेच जुने हेडफोन लावून घरात अनुभवले. मे महिना असल्याने कूलर चालू होता. बटण दाबताच त्याची घरघर जणू खोलीबाहेर गेली. पाण्याचा पंप नाहीसा झाला, रस्त्यावरची जड वाहनांची गुरगुर विरली. मात्र कुकरची शिट्टी आली, मोटारीचा हॉर्न आला, खालच्या मजल्यावरचे भांडण थोडे दबून पण पुरेसे समजेल इतके आले. सायंकाळी वरात गेली, तेव्हा ढोलाचे ठोके आणि तुतारीची तान दोन्ही यंत्राला पुरून उरली. संपूर्ण शांततेची अपेक्षा धरून कोणी चाळीस हजार मोजणार असेल, तर त्याने एवढे ध्यानात ठेवावे.

त्यानंतर आम्ही उभयतां चिरंजीवांसह न्यू मार्केटकडच्या एका दुकानात गेलो. दुकानात मुळातच शांतता असते, तिथे सगळेच हेडफोन गुणी वाटतात. म्हणून एकदा वातानुकूलन यंत्राखाली आणि एकदा रस्त्याकडच्या दारात उभे राहून जुने व नवे आळीपाळीने लावून पाहिले. नवे सरस होते, यात शंका नाही. दारातल्या माणसांचे बोलणे त्यांत आणखी थोडे दबले. परंतु काहीच नसण्यापासून जुन्या हेडफोनपर्यंतची उडी जेवढी मोठी, तेवढी जुन्यापासून नव्यापर्यंतची नव्हती. उदाहरणादाखल सोनी कंपनीची मालिका पाहावी. तिचा चौथा अवतार २०२० साली, पाचवा २०२२ साली व सहावा २०२५ साली आला. पाचव्यात गोंगाट टिपणारे आठ माइक होते, सहाव्यात बारा झाले. चौथा घडी घालून ठेवता येई, पाचव्यात ती सोय गेली, सहाव्यात परत आली. एका विद्युतभरणात गोंगाट मारीत चालण्याचा कंपनीचा आकडा मात्र तिन्हींत तोच, तीस तास. सुधारणा आहे, पण ती पायरीपायरीने आहे आणि प्रत्येक पायरीचे मोल पुरते घेतले जाते.

मग जुने हेडफोन एवढे निकामी का वाटू लागले होते? दुकानातल्या तरुणाने ते हातात घेऊन गाद्यांवरून बोट फिरवले, तो काळे पापुद्रे त्याच्या बोटाला लागले. घाम आणि उन्हाळ्याने तीन वर्षांत गाद्यांचे कातडे फाटले होते, आतला स्पंज चपटा झाला होता. गादी कानाभोवती नीट बसली नाही की फटीतून बाहेरचा आवाज शिरतो आणि यंत्राचा हिशेबच चुकतो. चष्म्याच्या दांडीनेही अशीच फट पडते. नव्या गाद्यांची जोडी दोन हजारांच्या आत मिळाली. ती बसवल्यावर जुन्या हेडफोनने पुन्हा मान वर काढली. दारात उभे राहून चिरंजीवांनी स्वतःच कबूल केले की, उरलेला फरक अडतीस हजारांचा नाही.

राहिला बॅटरीचा प्रश्न. लिथियमची बॅटरी साधारणपणे पाचशेच्या आसपास पूर्ण भरणांनंतर ठळकपणे उतरू लागते. तीस तासांच्या हिशेबाने हे पंधरा हजार तास झाले. रोज सहा तास धरले तरी सहा-सात वर्षे निघतात. उन्हात मोटारीत ठेवण्याची सवय असेल तर मात्र हे आयुष्य घटते.

येथवर हा लेख पैशांचा झाला. परंतु आम्हांस खरा विचार करावयास लावले ते वेगळ्याच एका प्रसंगाने. दुकानात जाण्याच्या आठवडाभर आधी आई संध्याकाळी देवळात गेली होती. आम्ही उभयतां एका लग्नाला गेलो होतो, घरात चिरंजीव एकटे, बैठकीत गुंतलेले. आई परतली, घंटा वाजवली, दार ठोठावले, नातवाला हाका मारल्या. फोन तिने घरीच ठेवला होता. आम्ही परतलो तेव्हा वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी ती जिन्याच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली होती. पाऊण तास झाला होता. तक्रार तिने केली नाही. "त्याचं काम चालू असेल," एवढेच म्हणाली. चिरंजीव पुढे दोन दिवस कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हते.

त्या प्रसंगाने आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात आली. आईलाही अलीकडे कुकरची शिट्टी ऐकू येत नव्हती आणि आम्ही बोललेले "कळलं नाही" असे ती वारंवार म्हणे. आम्ही ते वयावर ढकलीत होतो. वार्धक्यात आधी उंच पट्टीचे ध्वनी जातात. स, श, फ, त यांसारखी व्यंजने पुसट होतात, त्यामुळे आवाज येतो पण शब्द लागत नाही. ओरडून उपयोग होत नाही. समोर बसून सावकाश बोलावे लागते, आणि वेळीच तपासणी करून श्रवणयंत्र लावावे लागते. एकाच घरात एकाला ऐकू येईनासे झाले होते आणि दुसऱ्याने ऐकणे स्वतः बंद केले होते. चिरंजीवांनी हेडफोनसाठी बाजूला काढलेली रक्कम श्रवणतपासणी व यंत्राकडे वळवली. ही सूचना आमची नव्हे, त्यांची.

म्हणून गोंगाट मारणारे यंत्र वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंतच ऐकावा. ९० डेसिबलला ही मुदत अवघ्या ४ तासांवर येते. रस्त्याच्या गोंगाटावर मात करण्यासाठी गाण्याचा आवाज वाढवीत नेणाऱ्या तरुणांना, बाहेरचा आवाजच कमी झाल्यास हळू ऐकता येते, आणि कान वाचतात. जवळ असे यंत्र मुळीच नसेल, वारंवार विमान किंवा आगगाडीचा प्रवास असेल, किंवा घरी कूलर-पंपांच्या साथीने काम करावे लागत असेल, तर ते जरूर घ्यावे. मागील अवतार सवलतीत मिळाल्यास अधिक उत्तम. जवळचे यंत्र तीन-चार वर्षांचे व चांगल्या प्रतीचे असेल तर आधी गाद्या बदलाव्यात, बॅटरी किती तास टिकते ते मोजावे, आणि स्वतःचा संच सोबत नेऊन नव्याशी ताडून पाहावा. रस्त्याने चालताना मात्र ते कानांवर नसावे.

आमच्या घरी आता एक नियम आहे. आई बाहेर गेली की चिरंजीव गोंगाट मारण्याचे बटण बंद करून बाहेरचे ऐकू येण्याची सोय चालू ठेवतात, आणि फोन टेबलावर समोर असतो. आईच्या पिशवीत किल्ली असते. परवा ती देवळातून परतली, स्वतः दार उघडून आत आली, आणि कानाला हात लावून म्हणाली, "अरे, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या? मी जिन्यातच तीन मोजल्या."